स्पायडर प्लांटचं खरं देणं

पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची लांबट पानं, त्यांचा भरगच्च झुबका आणि त्यातून बाहेर लोंबणाऱ्या दांड्यांच्या टोकाला लगडलेली इवली इवली रोपं, असं स्पायडर प्लांट आज महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक नर्सरीत मिळतं. फ्लॅटची बाल्कनी, दवाखान्याची प्रतीक्षाखोली, बँकेचं काउंटर, शाळेचा व्हरांडा, अशा सगळ्या ठिकाणी ते रुळलं आहे. ते विकताना आणि विकत घेताना एक वाक्य ठरलेलं असतं: हे झाड घरातली हवा शुद्ध करतं. त्याच्या जोडीला आणखी दावे येतात. ते रात्रीही प्राणवायू देतं, रंगाचा वास शोषतं, आजार दूर ठेवतं. या दाव्यांमागे खरं विज्ञान किती आणि ऐकीव किती, हे नीट तपासायला हवं. तसं तपासलं की दोन गोष्टी हाती येतात. हवा शुद्ध करण्याचं जे श्रेय या झाडाला दिलं जातं, ते घराच्या पातळीवर टिकत नाही. आणि ते श्रेय काढून घेतल्यावरही हे झाड घरात ठेवण्याची कारणं उरतात. ती साधी असली तरी जास्त भरवशाची आहेत.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. त्याचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम. मूळ घर आफ्रिकेचा उष्ण आणि दक्षिण भाग. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसचा शिष्य असलेल्या कार्ल थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे ते युरोपातल्या घरांत शिरलं आणि तिथून जगभर पसरलं. झाड परदेशी असलं तरी त्याचं गोत्र आपल्याला अनोळखी नाही. क्लोरोफायटम या प्रजातीतल्या अनेक जाती सह्याद्रीत आणि कोकणात पावसाळ्यात उगवतात. ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका ज्या फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात, ती भाजी याच प्रजातीतली. आयुर्वेदात बलवर्धक मानली गेलेली सफेद मुसळीही याच प्रजातीतली. तिला शास्त्रीय नाव देताना फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ साली मुंबईच्या बोरिवलीची आठवण त्या नावात कायमची ठेवली: क्लोरोफायटम बोरिविलियानम. मात्र भाऊबंदकीचा अर्थ गुणांची वाटणी असा होत नाही. कुंडीतल्या स्पायडर प्लांटची पानं फोडशी म्हणून शिजवू नयेत आणि त्याच्या मुळांना मुसळीचे गुण चिकटवू नयेत.

आता मूळ दावा. त्याचा उगम अंतराळ संशोधनात आहे. १९७३ साली अमेरिकेने स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा पाठवली. १९७९ साली ती कोसळणार म्हणून आपल्याकडेही घबराट पसरली होती, तीच ही. बंदिस्त स्कायलॅबच्या हवेत शंभराहून अधिक बाष्पशील रसायनं सापडली. प्लास्टिक, डिंक, रंग, उपकरणं यांतून ती बाहेर पडत होती. त्याच दशकात इंधन महागल्यामुळे अमेरिकेतल्या इमारती ऊर्जा वाचवण्यासाठी अधिकाधिक हवाबंद होऊ लागल्या आणि तिथेही हाच प्रश्न उभा राहिला. नासाच्या स्टेनिस केंद्रातले शास्त्रज्ञ बी. सी. वूल्व्हर्टन यांनी तो झाडांच्या मदतीने सोडवता येतो का, हे पाहायला सुरुवात केली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मनी प्लांट, सिंगोनियम आणि स्पायडर प्लांट यांना पारदर्शक प्लास्टिकच्या बंद पेट्यांमध्ये ठेवून आत फॉर्माल्डिहाइड हा वायू सोडला होता. तिघांमध्ये स्पायडर प्लांट सरस ठरलं. १९८९ साली त्यांनी आणखी झाडं आणि बेंझिनसारखी आणखी रसायनं घेऊन मोठा अहवाल काढला. आज कुंडीवरच्या चिठ्ठीपासून मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांपर्यंत 'नासाने सिद्ध केलंय' असं जे सांगितलं जातं, त्याचा आधार हाच आहे.

प्रयोग खोटा नव्हता. तो ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होता, तो प्रश्न आपल्या घराचा नव्हता. हवाबंद पेटीत एकदा सोडलेला वायू झाडाशिवाय दुसरं कुणी काढणारं नसतं, म्हणून झाडाचं काम उठून दिसतं. घरात तसं नसतं. दार उघडतं, खिडकीच्या फटीतून वारा येतो, पंखा फिरतो, एक्झॉस्ट चालतो. ही बदलणारी हवा प्रदूषकं बाहेर नेते. त्याच वेळी प्लायवूडचं कपाट, नवा रंग आणि स्वयंपाकघर नवी प्रदूषकं सोडतच राहतात. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की, बदलत्या हवेच्या कामात एक कुंडी किती भर घालते? अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातले ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९ साली आधीच्या १२ अभ्यासांतले १९६ प्रयोग घेऊन नेमका हा हिशोब मांडला. एका कुंडीची क्षमता मध्यम अंदाजाने तासाला ०.०२३ घनमीटर, म्हणजे सुमारे २३ लिटर हवा स्वच्छ करण्याइतकी निघाली. आपल्याकडची दहा बाय बाराची आणि दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. तासातून एकदा ती सगळी हवा बदलली तर जेवढं काम होतं, तेवढं कुंड्यांकडून करून घ्यायचं म्हटलं, तर सुमारे दीड हजार कुंड्या लागतील. माणसांना उभं राहायलाही जागा उरणार नाही. खिडकी उघडी ठेवली तर तेच काम फुकटात होतं.

प्राणवायूचा दावाही याच हिशोबात बसवून पाहावा. एक माणूस दिवसभरात साधारण साडेपाचशे लिटर शुद्ध प्राणवायू वापरतो. घरातल्या मंद उजेडात एका कुंडीतली पानं दिवसाकाठी लिटरभर प्राणवायूही मुश्किलीने देतील. रात्री तर बहुतेक झाडांसारखंच स्पायडर प्लांटही श्वसन करतं, म्हणजे प्राणवायू घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. ज्यांना हे ऐकून उलटी भीती वाटते आणि झोपायच्या खोलीतून झाडं बाहेर काढावीशी वाटतात, त्यांनीही निश्चिंत राहावं. एका कुंडीचा रात्रीचा उच्छ्वास शेजारी झोपलेल्या माणसाच्या उच्छ्वासापुढे नगण्य असतो. झाडामुळे खोलीतली हवा सुधारत नाही, तशी बिघडतही नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. वायूंचं सोडा, धुळीचं काय? पोलंडमधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दंतवैद्याचा दवाखाना, अत्तराच्या बाटल्या भरण्याची जागा, कार्यालय, सदनिका आणि उपनगरातलं घर, अशा पाच ठिकाणी स्पायडर प्लांट ठेवली. पानांवर आणि पानांच्या मेणचट थरात धुळीचे सूक्ष्म कण साठल्याचं त्यांना आढळलं. शेजारी ठेवलेल्या धातूच्या पत्र्यांवर नुसत्या वजनाने जेवढे कण बसले, त्याहून पानांवर जास्त होते. निरीक्षण खरं आहे आणि महत्त्वाचंही. पण पानावर किती धूळ साठली, यावरून खोलीतल्या हवेतली धूळ किती कमी झाली हे कळत नाही. शिवाय पान वेळोवेळी ओल्या फडक्याने पुसलं नाही तर तो थर तिथेच राहतो आणि झाडाचा उजेड अडवतो. दुसरा आक्षेप मातीतल्या जिवाणूंचा. खुद्द वूल्व्हर्टन यांच्या प्रयोगांतच असं दिसलं होतं की पानं काढून टाकली तरी कुंडीतली माती काही रसायनं काढत राहते, म्हणजे कामाचा मोठा वाटा मुळांभोवतीच्या जिवाणूंचा असतो. म्हणूनच पंख्याने मुळांतून हवा ओढणाऱ्या हिरव्या भिंतींवर संशोधन चालू आहे आणि त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवता येते. पण ती यंत्रं झाली. खिडकीत टांगलेल्या कुंडीला ते गुण आपोआप लागत नाहीत.

एवढी खोलात चौकशी कशासाठी, लोकांना थोडं बरं वाटत असेल तर वाटू द्यावं, असं कुणी म्हणेल. पण इथे चुकीच्या समजुतीची किंमत मोजावी लागते. आपल्या घरांतली हवा खरोखर बिघडलेली असू शकते आणि तिची कारणं घरातच असतात: डासांची कॉइल, उदबत्ती-धूप, फोडणीचा धूर, चूल, सिगारेट, नव्या फर्निचरचं प्लायवूड, बंद न्हाणीघरातली बुरशी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि फॉर्माल्डिहाइड ५१ सिगारेटींइतकं असू शकतं. ज्या वायूच्या परीक्षेत स्पायडर प्लांटने नाव कमावलं, तोच हा वायू. खिडक्या लावून, कॉइल पेटवून, कोपऱ्यात दोन कुंड्या ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या घरात त्या कुंड्यांनी नुकसानच केलं असं म्हणावं लागेल, कारण त्यांच्या भरवशावर करायचा उपाय राहून गेला. खरा उपाय म्हणजे धूर मुळातच कमी करणं, मच्छरदाणी आणि जाळ्या वापरणं, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावणं आणि नवं फर्निचर आल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवणं. दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असलेल्या घरात तर हे कुंडीवर सोपवून चालणारच नाही.

हवेचं हे ओझं उतरवलं की झाडाचे खरे गुण दिसू लागतात. पहिला गुण निर्धोकपणाचा. घरात हौसेने ठेवलं जाणारं डिफेनबेकिया किंवा मनी प्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर ती पानं चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. स्पायडर प्लांट कुत्र्या-मांजरांसाठी बिनविषारी म्हणून नोंदलेलं आहे. मांजरांना त्याच्या लोंबत्या पानांशी खेळायला आणि ती कुरतडायला आवडतं. फार खाल्ली तर ओकारी होऊ शकते, पण विषबाधेची भीती नाही. जिथे लहान मुलं, पाळीव प्राणी आणि झाडं एकाच दोन खोल्यांत नांदतात, अशा आपल्या शहरी घरांसाठी ही बाब छोटी नाही.

दुसरा गुण सोशिकपणाचा. त्याची मुळं जाड, मांसल असतात आणि त्यांत पाणी साठतं. त्यामुळे चार दिवस गावाला जाऊन आलं तरी झाड तग धरतं. त्याला मारायचं असेल तर पाण्याच्या अभावापेक्षा पाण्याच्या अतिरेकाने ते लवकर मरतं, कारण सतत ओल्या मातीत मुळं कुजतात. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्यावं, कुंडीला खाली भोकं असावीत, मातीत थोडं कोकोपीट आणि गांडूळखत मिसळावं, एवढी त्याची मागणी. उजेड हवा, पण दुपारचं थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी त्याला मानवते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये मात्र त्याला बाल्कनीतून आत घ्यावं. जे लोक 'आमच्या हाताला झाडं लागत नाहीत' म्हणून आधीच हार मानतात, त्यांच्यासाठी यासारखं पहिलं झाड नाही, कारण ते चूक सहन करतं आणि चूक झाल्याचं दाखवतंही.

हे दाखवणं विशेष लक्ष देण्याजोगं आहे. स्पायडर प्लांटच्या पानांची टोकं तपकिरी पडणं ही सगळ्यांची तक्रार. त्याचं एक ठळक कारण म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड आणि इतर क्षार. हे झाड फ्लोराइडला हळवं आहे. पाण्याबरोबर फ्लोराइड पानाच्या टोकाशी पोहोचतं, तिथे साठतं आणि टोक करपतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. बोअरचं जड पाणी तर आता शहरांतल्या सोसायट्यांतही आहे. नळाचं पाणी रात्रभर भांड्यात ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, फ्लोराइड मात्र जात नाही. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालण्याची काटकसरी सवय चांगल्या हेतूची असली तरी त्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, ते या झाडाला घालू नये. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. तपकिरी टोक म्हणजे पाण्याची चाचणी नव्हे. ऊन, कोरडी हवा, जास्त खत यांनीही टोकं जळतात. पण टोक का जळलं याचा शोध घेणारा माणूस आपल्या नळाला काय येतं याचाही विचार करू लागतो.

तिसरा फायदा मनाचा. इथे पुन्हा सावधपणे बोललं पाहिजे. १९८४ साली अमेरिकी संशोधक रॉजर उलरिक यांनी दाखवलं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खाटेजवळच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे आधी घरी गेले. १९९६ साली अमेरिकेतच खिडकी नसलेल्या संगणक कक्षात झाडं ठेवल्यावर विद्यार्थ्यांचा प्रतिसाद १२ टक्क्यांनी जलद झाल्याचं नोंदलं गेलं. पण २००९ साली अशा अनेक प्रयोगांचा चिकित्सक आढावा घेणाऱ्या संशोधकांना निष्कर्ष एकमुखी वाटले नाहीत. मग हवेचा दावा नाकारणाऱ्याने मनाचा दावा का स्वीकारावा? याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात रहिवाशांना झाडं दिली. एका मजल्यावर सांगितलं की आपलं झाड आपण निवडा आणि त्याची काळजी आपणच घ्या. दुसऱ्या मजल्यावरही झाडं दिली, पण पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक उत्साही, अधिक वावरणारी आणि अधिक समाधानी आढळली. त्यांना इतरही काही निर्णय स्वतः घ्यायला दिले होते, तेव्हा सगळं श्रेय झाडाला देता येत नाही. पण झाड दोन्ही मजल्यांवर होतं आणि फरक पडला तो जबाबदारीने. झाड नुसतं खोलीत असण्यापेक्षा ते कुणाच्या तरी देखभालीत असणं मोलाचं, असं यावरून मानायला जागा आहे. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी, घरून काम करणाऱ्या तरुणांसाठी, शाळकरी मुलांसाठी रोज कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे ही जाणीव लहान असली तरी खरी असते. सोशिक झाड ही जबाबदारी देतं आणि हातून चूक झाली तर अपयशाचा भार फारसा देत नाही.

चौथा गुण या झाडाचा सगळ्यात मोठा: ते स्वतःहून वाढतं आणि वाटता येतं. दिवस लहान होऊ लागले की त्याला लांब दांडे फुटतात, त्यांवर चांदणीसारखी बारीक पांढरी फुलं येतात आणि मग टोकाशी पिल्लं धरतात. पिल्लाच्या बुडाशी मुळांचे कोंब दिसले की ते तोडून पाण्याच्या ग्लासात किंवा थेट मातीत ठेवायचं. थोड्याच दिवसांत मुळं सुटतात. मुलांना बी न लावता नवं झाड कसं होतं हे दाखवायला याहून सोपा धडा नाही, कारण सगळं डोळ्यांदेखत आणि काचेतून दिसतं. एका कुंडीतून वर्षभरात शेजारी, नातेवाईक, शाळा सगळ्यांना पुरतील इतकी रोपं होतात. बाजारात दर हंगामाला नवं, नाजूक, महाग झाड फॅशन म्हणून येतं आणि मरतं. हे झाड एकदा घेतलं की पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. त्याच्याच गोत्रातली सफेद मुसळी मागणीपोटी रानातून बेसुमार उपटली गेली आणि दुर्मीळ होत गेली, हेही इथे आठवावं. घरात हिरवाई हवी असेल तर रानातून काही न उपटता ती एकाच्या कुंडीतून दुसऱ्याच्या कुंडीत जाणं हा सर्वांत निर्मळ मार्ग आहे.

शेवटचे दोन आक्षेप. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास अंडी घालतात, हे खरं आहे आणि पालिका दर पावसाळ्यात त्याबद्दल बजावतात. त्यावर उपाय सोपा आहे: ताटली आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासून कोरडी करायची. पाणी कमी लागणाऱ्या या झाडाला ते सहज चालतं. दुसरा आक्षेप परदेशीपणाचा. कुंडीत वाढणाऱ्या झाडामुळे आपल्या तुळशीची किंवा कढीपत्त्याची जागा जात नाही. मात्र जास्तीची रोपं टेकडीवर किंवा ओढ्याकाठी नेऊन टाकू नयेत. परदेशी झाडाला रानात मोकळं सोडण्याची जोखीम आपण घाणेरी आणि गाजरगवताच्या रूपाने पुरेशी भोगली आहे.

तेव्हा स्पायडर प्लांट घरात जरूर असावं, पण योग्य कारणासाठी. हवेसाठी खिडकी उघडावी, कॉइल बंद करावी, धूर बाहेर जाईल अशी सोय करावी. झाडाकडून अपेक्षा ठेवावी ती मुला-प्राण्यांमध्ये निर्धोकपणे राहण्याची, नवख्या हाताला सांभाळून घेण्याची, रोज थोडं लक्ष मागण्याची आणि दरवर्षी वाटण्याजोगं काही हाती देण्याची. या अपेक्षा ते पूर्ण करतं. चमत्कार करणारं झाड म्हणून आणलं तर महिन्याभरात त्याचं कौतुक ओसरतं. सांभाळायचं झाड म्हणून आणलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि त्याला सांभाळणाऱ्याला दुसरं झाड लावायचा धीर येतो. घरात झाडं वाढावीत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी हेच खरं कारण लोकांना सांगावं.